फांदीला हात लावू नकोस

५ फेब्रुवारी, दुपार

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर बघून तू हे पत्र टेबलावर उलटं टाकून ठेवशील, हे मला माहीत आहे. पडू दे दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तुला राहवणार नाही. लहानपणीसुद्धा बंद डबा दिसला की तू मांजरीसारखी त्याच्यापुढे बसून राहायचीस.

आम्ही दोघं खुशाल. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, पण ती त्याच्यावर कडी करते, म्हणून त्याचं कुणी ऐकत नाही. दुकान मी आता दुपारनंतरच उघडतो. शिलाई मशिनं लोक दुरुस्त कमी करतात, बदलतात जास्त. तुझी खुशाली वहिनीकडून कळते. तिचा फोन तू घेतेस, माझा घेत नाहीस, या महिन्यात दोन वर्षं होतील. तक्रार नाही. मला तुझ्या घरी यायचंय, तुझ्यासमोर बसायचंय, एवढंच मनात आहे. तुझ्या दाराबद्दल मात्र या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही.

आता खरी बातमी. अगं, मी बाहत्तराव्या वर्षी शाळेत जायला लागलोय.

झालं असं, की हात थरथरायला लागले. फार नाही, पण सुईत दोरा जाईना. वय झालं, दुसरं काय. वहिनी ऐकेना, मला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणजे आमच्या गल्लीतली पोरगी, तिच्या आईचं मशीन मी तीनदा खोललंय. तिने सगळं तपासलं. रक्त, नाडी, डोळे. म्हणाली, "काका, यंत्र ठीक आहे. झोप लागते?"

"लागते की."

"रडू येतं?"

"मशीनवाल्याला कशाला रडू येईल?"

वहिनी शेजारच्या खुर्चीवरून म्हणाली, "येतं. कात्री शोधताना येतं. कात्री हातातच असते."

कुठे काय बोलावं, हे या बाईला आयुष्यात कळलं नाही.

डॉक्टर पोरीने चिठ्ठीवर लिहून दिलं: रोज वीस मिनिटं झाडाजवळ बसणे, काहीही न करणे. मी ती चिठ्ठी न वाचता औषधांच्या दुकानात दिली. त्या माणसाने ती पुढून वाचली, मागून वाचली, उजेडात धरली, आणि म्हणाला, "काका, हा माल आमच्याकडे येत नाही."

तर ही शाळा, डॉक्टर पोरीनेच मग सुचवलेली, जुन्या पाणी-पंपाच्या मागे भरते. शंभरेक झाडं, गवत, मधून एक पायवाट. चालवणारी बाई तीस वर्षं इस्पितळात परिचारिका होती. आम्ही सगळे तिला बाई म्हणतो. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "हे औषध नाही, गोळ्यांच्या बदल्यात नाही, आणि परीक्षाही नाही. एक झाड निवडा. रोज तिथंच बसा. हात रिकामे ठेवा. मग गोलात या आणि काय दिसलं ते एका वाक्यात सांगा. काय वाटलं ते सांगू नका, ते आपोआप बाहेर पडतं."

फाटकाजवळ पत्र्याची पेटी आहे. फोन, घड्याळ, विणायच्या सुया, सगळं तिथं ठेवायचं. माझ्या खिशातून तीन स्क्रू-ड्रायव्हर आणि तेलाची कुपी निघाली. बाई म्हणाल्या, "अजून?" मी म्हटलं, नाही. अजून एक मोज्यात होता.

आम्ही सातजण आहोत. एक बसचा कंडक्टर आहे. निवृत्त झाल्यावर घरात नुसता फिरायचा आणि बायकोला पुढे सरका म्हणायचा. एक टेलिफोनवाली आहे, तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये बसलेली. तिच्या कानात आता दिवसरात्र बारीक शिट्टी वाजते, यंत्राची नव्हे, कानाचीच. बाकीच्यांचं हळूहळू लिहीन.

मी निलगिरी निवडली. उंच, सरळ, आपलं काम नीट करणारी वाटली. पण तिची साल लोंबत होती गं, उसवलेल्या अस्तरासारखी. वीस मिनिटांत मी हात पोहोचेल तिथपर्यंत सगळी सोलून, घडी घालून ठेवली. बाई आल्या, बघत राहिल्या. म्हणाल्या, "आंघोळ घालताय?"

गोलात मी सांगितलं, "साल दिसली. आता नाही."

नापास. पण उद्या पुन्हा जाणार आहे. का कुणास ठाऊक, शाळा सुटताना पोरांना होतं तसं झालंय मला, फक्त उलटं.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. फाडू नकोस, एवढंच.

दादा


२० फेब्रुवारी, सकाळी दहा

धाकटे,

पहिलं पत्र तू फाडलं नाहीस. वहिनीला फोनवर म्हणालीस म्हणे, "मोज्यात कशाला ठेवला होता?" म्हणजे शेवटपर्यंत वाचलंस. मला ही बातमी कळली तेव्हा मी एका मशीनचं चाक उलटं बसवलं आणि गिऱ्हाइकाला तसंच दिलं.

आता ऐक. किती सांगू आणि कुठून सांगू, असं झालंय.

निलगिरीच्या सालीखाली झाड ओलं असतं. हिरवं, गुळगुळीत, पट्टी काढल्यावर खालची कातडी असते तसं. बाहत्तर वर्षं मी झाडांखालून चाललो आणि एकालाही हात लावून बघितला नव्हता. लाकूड म्हणजे मशीनचं टेबल, एवढीच माझी ओळख. आणि मुंग्या! परवा सात मुंग्या एका पतंगाचा पंख उभा धरून नेत होत्या. वारा आला की सगळ्या वरात थांबल्यासारख्या थांबायच्या, वारा गेला की पुढे. माझं बोट दोनदा पुढे झालं मदतीला. दोनदा मी ते मांडीखाली दाबलं. वीस मिनिटांत त्या दीड हात गेल्या. मी कुणाच्या मदतीशिवाय झालेलं इतकं मोठं काम पहिल्यांदाच शेवटपर्यंत बघितलं.

गोलात कंडक्टर रोज आपल्या पद्धतीने सांगतो. काल म्हणाला, "खारी दोन चढल्या, एक उतरली. एक विनातिकीट वर आहे." टेलिफोनवाली एवढी हसली, की तिला कानातली शिट्टी पाच मिनिटं ऐकू आली नाही, असं ती म्हणाली. बाईंनी तिला आठवण करून दिली, की नियम दिसलं ते सांगायचा आहे. ती म्हणाली, "मला न दिसणारंच सांगायची सवय आहे हो, मी एक्स्चेंजमधली."

अजून एक. माझ्या झाडाशेजारच्या झुडपात एक इवलीशी पाखरीण घरटं बांधतेय. परवा त्यात निळा दोरा दिसला. वीस नंबरचा, पक्क्या रंगाचा. माझ्या बाहीवर दुकानातले दोरे चिकटलेले असतात, ते ती मी गेल्यावर गवतातून उचलते. मी तिला दिला नाही. तिने घेतला. कसं सांगू तुला, मला इतका मान आयुष्यात कुणी दिला नव्हता.

वहिनी म्हणते, सकाळी घरी येता तेव्हा चहा मागत नाही, आधी बोलायला लागता. हात अजून थरथरतात. पण मी त्यांच्याकडे सारखा बघत नाही.

फक्त एक अडचण आहे. माझ्या निलगिरीच्या वर, दीड मजल्यावर, दोन फांद्या एकमेकींवर घासतात. वारा आला की लांब कर्रर्र, आणि शेवटी बारीक खट्. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मान वळवून मागे बघितलं, कोण आत आलं म्हणून. मैदानात कोण आत येणार? दार ना चौकट. आवाज ओळखीचा वाटला. असो.

तो आवाज मला नीट बसू देत नाही. छातीत कुणी रंधा मारतंय असं होतं. तेव्हा मी ठरवलंय. पंपाचा चौकीदार सोमवारी शिडी देणार आहे. सायकलच्या ट्यूबची एक पट्टी मधे घालतो, दोन थेंब मशीनचं तेल, की झालं. दहा मिनिटांचं काम. बाईंना सांगितलं नाही. झाल्यावर सगळे खूश होतील.

झाड दुरुस्त करणारा आपल्या घराण्यातला मी पहिलाच.

दादा


७ मार्च

धाकटे, माझे धाकटे,

तुझं कार्ड माझ्या शर्टाच्या खिशात आहे. वहिनी म्हणते, घामाने शाई उतरेल. उतरू दे. चार तर शब्द आहेत: "फांदीला हात लावू नकोस." खाली सहीसुद्धा नाही. दोन वर्षांत तू माझ्यावर रागावली नव्हतीस. नुसती गप्प होतीस. आता रागावलीस, आणि मी आनंदाने दुकानात दोन फेऱ्या मारल्या.

पण ते कार्ड माझ्या हातात पडलं सोमवारी दुपारी दीड वाजता. आणि फांदीला हात मी लावला सकाळी सव्वासहाला.

सगळं क्रमाने सांगतो. मला गोलात बसवलंय असं समज.

सोमवारी सगळे यायच्या आधी मी गेलो. चौकीदाराने शिडी धरली. पट्टी घातली, तारेने बांधली, तेल सोडलं. हात अजिबात थरथरले नाहीत. मी मनात म्हटलं, बघ, मला हेच औषध लागू आहे. खाली उतरलो, मुकाट्याने जागेवर बसलो. साडेसातला वारा आला. वर फांद्या हलल्या. आवाज नाही. इतकं गार वाटलं जिवाला.

गोल जमला. मी फुशारून सांगितलं, "आज आवाज दिसला नाही."

टेलिफोनवाली माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "म्हणजे तुम्हालाही आला नाही? मला वाटलं, आता तोही गेला की काय माझ्या कानातून."

मी म्हटलं, "अहो गेला नाही, घालवला. पट्टी टाकली. उद्यापासून शांतता."

ती तिच्या चपलेकडे बघत राहिली. मग म्हणाली, की तिच्या कानातल्या शिट्टीवर चढणारा तो एकच आवाज होता. घरी रेडिओ लावला तर शिट्टी रेडिओसकट वाजते. पण ती फांदी कर्रर्र करून खट् म्हणाली, की मधल्या जागेत तिला थोडा वेळ काहीच ऐकू यायचं नाही. त्या थोड्या वेळासाठी ती दोन बस बदलून येत होती. हे सगळं तिने अगदी शांतपणे सांगितलं, चुकीचा नंबर लागलेल्या माणसाला सांगावं तसं. आणि शेवटी मला विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

धाकटे, तेच शब्द. तुझेच.

दीड वाजेपर्यंत मी रस्त्याने भटकत होतो. घरी आलो तर वहिनी दारात कार्ड घेऊन उभी. म्हणाली, "तिचं आहे. मी वाचलंय. बसून वाचा."

आता ते, जे पहिल्या पत्रात लिहिणार नाही म्हणालो होतो.

आपला उंट. बघ, हे नाव मी दोन वर्षांत पहिल्यांदा लिहितोय. सहा फुटी भाच्याला मामाने दुसरं काय म्हणायचं? तो चार दिवसांच्या तापात गेला, आणि तुझी नणंद तुला पंधरा दिवस तिच्याकडे घेऊन गेली. किल्ली माझ्याकडे होती. मला बघवत नव्हतं गं. त्याची खोली, खुर्चीवरचा शर्ट, अर्धी वही. मला वाटलं, तू परत येशील तेव्हा डोळ्यांना काही टोचायला नको. कपडे देऊन टाकले. भिंतीला रंग दिला. आणि त्याच्या खोलीचं दार, जे तो खांद्याने ढकलायचा आणि जे कर्रर्र करून शेवटी खट् म्हणायचं, त्याची बिजागरी बदलली, खालून रंधा मारला, तेल घातलं. बोटाने ढकललं तरी लोण्यासारखं उघडायला लागलं. मी चार वेळा उघडून बघितलं. मला माझं कौतुक वाटलं.

तू आलीस. पिशवी खाली ठेवलीस, दार ढकललंस, आणि उभी राहिलीस. मी म्हटलं, "कसं झालंय?"

तू म्हणालीस, "दादा, तुला कुणी सांगितलं होतं?" आणि मग म्हणालीस, "तो आला की हे वाजायचं. आता आला तरी मला कळणार नाही."

मी तेव्हा काय उत्तर दिलं ते तुला आठवत असेल. मी म्हणालो, हळूहळू सवय होईल. ते वाक्य परत घेता आलं असतं तर दुकान दिलं असतं.

डॉक्टर पोरीला मी सांगितलं, की हात सहा महिने थरथरतात. खोटं. ते त्या दिवशी तुझ्या जिन्यावरून उतरताना सुरू झाले. वहिनीला माहीत होतं. तुला माहीत होतं की नाही, ते मला माहीत नाही.

मंगळवारी मी बाईंपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, फांदीचं आणि दाराचं. वाटलं, नाव काढून टाकतील. त्या म्हणाल्या, "इस्पितळात मीही हेच करायची. पेशंट गेला की दहा मिनिटांत चादर बदलायची. नातेवाईक दारात उभे असायचे, त्यांच्यासमोर. मला वाटायचं, मी त्यांना मदत करते." मग म्हणाल्या, "पट्टी काढा. आणि मोज्यातला तो पेटीत टाका."

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

या वेळी शिडी कंडक्टरने धरली. मी एकेक पायरी चढताना तो खालून म्हणत होता, "सावकाश, काका, गाडी थांबलीये." पट्टी काढली, तार काढली, तेल फडक्याने पुसलं. आणि खाली येऊन बसलो. वारा आला. फांद्या हलल्या.

आवाज नाही.

बुधवारी नाही. गुरुवारी नाही. पुढचा सोमवार उजाडला तरी नाही. तेल मुरलं होतं. धाकटे, माझे हे दिवस कसे गेले विचारू नकोस. डोक्यात रोज नवी युक्ती यायची. वर जाऊन राख चोळू का? पॉलिशपेपर मारू का? बाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं, की मी हात मांडीखाली घ्यायचो. टेलिफोनवाली रोज यायची. दोन बस बदलून, आवाज नसताना. तिसऱ्या दिवशी ती तिची जागा सोडून माझ्या शेजारी येऊन बसली. मी म्हटलं, "माफ करा." ती म्हणाली, "बोलू नका, वारा येतोय." मला ना तिच्यासाठी काही करता येत होतं, ना उठून जाता येत होतं. आम्ही दोघं नुसते बसलो. रोज वीस मिनिटं. आणि त्यात काही बिघडलं नाही. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, की दुःखी माणसाशेजारी काही न करता बसता येतं आणि आभाळ कोसळत नाही.

काल सकाळी पाऊण तास जोराचा वारा होता. आम्ही उठायच्या बेतात होतो. वरून आधी एक बारीकसा सूर आला, दाराच्या फटीतून डोकावल्यासारखा. मग कर्रर्र. पूर्वीपेक्षा पातळ. आणि जरा थांबून, खट्.

मी तिच्याकडे बघितलं. तिने डोळे मिटले होते, बोट वर धरलं होतं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "लाइन लागली. खरखर आहे, पण लागली."

कंडक्टरने त्याच्या जागेवरून बेल दिल्यासारखी जीभ वाजवली. बाई, ज्या बसायच्या वेळात सहसा बोलत नाहीत, त्या लांबून म्हणाल्या, "ऐकलं." मी रडलो, धाकटे. कात्री शोधत नव्हतो. सगळ्यांसमोर रडलो, आणि या वेळी मान वळवून मागे बघितलं ते मुद्दाम. कोण आलं असतं ते तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे.

म्हणून आज हे लिहितोय.

तुझ्या दाराची जुनी बिजागरी मी टाकली नव्हती. मशीनवाला काही टाकत नाही. ती दुकानात सुयांच्या डब्यात, कागदात गुंडाळलेली आहे. गंजासकट. पण खालून रंधा मारलेलं लाकूड परत भरून येत नाही, तेव्हा आवाज पूर्वीचा येईल असं मी म्हणणार नाही. अर्धा येईल, किंवा येणारही नाही. तू सांगशील तेव्हा आणेन. तू सांगशील तशी बसवेन. नको म्हणालीस तर ती डब्यातच राहील आणि मी तो विषय काढणार नाही.

सतरा तारखेला, रविवारी, चार वाजता मी तुझ्याकडे येतो. तू ये म्हणाल्याशिवाय येणार नाही असं ठरवलं होतं, पण ते चार शब्द मी 'ये' असेच वाचले. चुकलं असेल तर पुन्हा रागाव. बेल वाजवणार नाही. दाराबाहेरच्या पायरीवर वीस मिनिटं बसेन. तुझ्या जिन्याचा कठडा हलतो, हे मला आठवतंय. तो हलू दे.

दार उघडलंस तर आत येऊन बसेन. नाही उघडलंस तर वीस मिनिटांनी उठेन, आणि त्याच्या पुढच्या रविवारी चारला पुन्हा येईन. तिथून मला काय दिसलं ते वहिनीला एका वाक्यात सांगेन.

पिशवी आणणार नाही. मोजे वहिनी तपासणार आहे.

रिकाम्या हातांनी येणारा,
तुझा दादा